कॉम्प्युटरच्या टेस्टमधलं तळं

मित्रांनो, आज दुपारी घरच्या कॉम्प्युटरचा स्पीड मोजायचं सॉफ्टवेअर लावलं. स्कोअर कमी आला की बाबांना दाखवून नवीन ग्राफिक्स कार्ड मागायचं, असा प्लॅन होता.

टेस्टमध्ये स्क्रीनवर एक तळं आलं. एकेक लाट थांबत थांबत सरकत होती. बाबा खुर्ची ओढून बसले. मोरव्याच्या मिठागरात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय.

"बघा ना बाबा, किती स्लो चालतोय!"

"स्लो कुठं? दुपारचं आगरातलं पानी असंच हाय. पळालं तर मीठ न्हाय धरत."

स्कोअर अगदीच रडका आला. बाबा हळूच म्हणाले, "परत लाव."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा मीही नुसता पाणी बघत बसलो.

नवीन कार्डावर ते पाणी पळेल. सांगा, घेऊ का?