बंद दारामागे जाऊ बोलत होती

माझी धाकटी जाऊ बोलत नाही, हे आमच्या पंचवटीतल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मुकी नाही हो. पण "हो", "नाही", "मीठ घातलंय" एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. बाकीचं मी बोलायचे. तिच्या वाटचंही मीच. पाहुण्यांनी विचारलं, "धाकट्या बाईंना काय आवडतं?" की उत्तर देऊन मी मोकळी. चाळीस वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो, कधी भांडण नाही. आता वाटतं, भांडायला दोघी लागतात.

दीर गेल्यावर वर्षभरानं तिच्या मुलानं इंदिरानगरला फ्लॅट घेतला. स्वतः राहतो पुण्याला. म्हणाला, "आई तिथं राहील. तिला शांतता लागते, इथं केवढी गर्दी."

माझी कॉलेजात जाणारी नात लगेच म्हणाली, "बरोबर आहे काका. लहान आजी इंट्रोव्हर्ट आहे, तिला माणसांचा त्रास होतो. आणि आपली मोठी आजी एक्स्ट्रोव्हर्ट. हिला एकटं ठेवलं तर भिंतीशी बोलत बसेल."

सगळे हसले. मीही हसले. वर मीच म्हटलं, "जाऊ दे तिला, सुटेल बिचारी माझ्या तोंडातून." जाऊ तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, परत खाली घातली. तो होकार समजून आम्ही तिचं सामान बांधलं.

ती गेली आणि मला घर खायला उठलं. म्हणून मी तिला मोबाइलवर आवाज पाठवायला लागले. मी शाळेत चौथीपर्यंतची, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. हातानं लिहिते, पण फोनवरच्या त्या बारक्या अक्षरांवर बोट काही नेमकं पडत नाही. माइकचं बटण दाबलं की झालं. कोण आजारी, कुणाच्या सुनेनं काय केलं, गिरणीवाला काय म्हणाला, सगळं पाठवायचं. घरच्यांना पाठवलं तर अंगठा दाखवून मोकळे होतात, ऐकत कोणी नाही. जाऊही अंगठाच पाठवायची. फोन केला तर "बरी आहे" म्हणून ठेवून द्यायची. मी म्हणायचे, सुखात आहे बाई.

उन्हाळ्यात कुरडया घातल्या. गव्हाचा चीक तिला फार आवडतो, निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगत आलेय, आणि तो गरमच खावा लागतो. डबा टॉवेलात गुंडाळला, रिक्षा केली आणि न कळवता गेले. दाराशी पोचले, बेल दाबायला हात उचलला तो तसाच राहिला.

आतून जाऊचा आवाज येत होता. मोठा, भरभरून.

"नाही ताई, त्या पोरीची काही चूक नाही. तुम्ही उगाच तिला नावं ठेवता. आधी सासूनं टाकून बोलायला नको होतं." मग दुसरा कुणाचा तरी बारीक आवाज. मग परत ही, "त्याच गिरणीत कशाला दळण देता? जाडं काढतो मेला." आणि हसली. खळखळून. इतक्या वर्षांत मी तिचे दात पाहिले होते, हसणं ऐकलं नव्हतं.

हिला ही कोण ताई मिळाली? खरं सांगते, आधी जळले. मग भीती वाटली, एकटी राहून डोक्यावर परिणाम तर नाही झाला? मी दार ठोठावलं.

जाऊनं उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर मोबाइल होता, आणि त्यातून मी बोलत होते.

"अगं, कुणाशी बोलत होतीस?"

तिनं फोनवर बोट ठेवलं. माझा आवाज बंद झाला. "तुमच्याशी."

मी डबा तिच्या हातात दिला. "रोज?"

"तुम्ही रोज पाठवता. मग रोजच."

"मग घरी का नाही कधी बोललीस?"

"घरी तुम्हाला थांबवता येत नव्हतं, ताई. इथं बोट ठेवलं की थांबता. मी माझं बोलून घेते, झालं की परत चालू करते."

रागानं नाही, चीक वाटीत काढता काढता म्हणाली. मी गप्प राहिले म्हणूनच असेल, ती पुढे बोलली. "मला शांतता लागते हे कुणी ठरवलं हो? दुपारी लिफ्ट वाजली तरी मी दार उघडून बघते. मला माणसं लागतात. फक्त सगळी माझ्याआधी बोलून उठतात."

"थांब, तुझ्या पोराला आत्ता फोन लावते, चांगली सुनावते," म्हणून मी पिशवीत हात घातला.

"तुम्ही नका. मी सांगते."

आईचा फोन भर दुपारी आला म्हटल्यावर पोरगा घाबरला. तिनं स्पीकर लावला होता. "काय झालं? पडलीस का? शेजारी कोणी असेल तर त्यांना दे फोन."

"पडले नाही. मला घरी जायचंय. पंचवटीला."

"कुणी काही बोललं का तुला? मोठी आई आहे का तिथं? तिला दे, ती नीट सांगेल."

जाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी चिकाचा मोठा घास तोंडात भरला.

"तिच्या तोंडात घास आहे," ती म्हणाली. "मीच सांगतेय. तू ऐक."

पलीकडून हळूच, "बोल."

ती बोलली. शनिवारी टेम्पो पाठव म्हणाली, आणि तू घेतलेला नवा पलंग इथंच राहू दे, मला तिथं माझी खाट आहे.