जरासं वाढवून

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. आत्ता लिहितानाही लक्ष दाराकडंच आहे — कोणी आलं तर?

माझी नणंद गोदा. तिला मोजकं बोलताच यायचं नाही. भाजीत मीठ किंचित जास्त पडलं की म्हणायची, "वैनी, अख्खी गोणी वतली का गं?" सगळे हसायचे. रझाकारांचे दिवस सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा इतक्या अफवा ऐकल्या होत्या, की कोणी काही सांगितलं की माणसं आधी विचारायची — यातलं खरं किती?

आमच्या घरात सगळे ते मलाच विचारायचे. चौथी शिकलेली मीच. अतिशयोक्ती हा शब्द मला ठाऊक होता.

पंचमीला गोदा राजूरहून माहेरी आली, ती पत्र्याची पेटी घेऊन. चार दिवसांसाठी पेटी? मायलेकी कुजबुजायच्या, मी गेले की गप्प. माझ्याबद्दलच असणार — दुसरं काय? ही आता इथंच राहणार, आईचे कान भरणार. मग या घरात माझं काय राहील?

एका दुपारी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "रोज मारत्यात मला."

थोड्या वेळानं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी आल्या. "रोज म्हन्ती. तू न्हाऊ घातलं ना तिला? बराबर सांग. का हिचं नेहमीचंच?"

मी पाठ पाहिली होती. पिवळे पडलेले वळ, त्यांच्यावर निळे, त्यांच्यावर लाल. रोज हा शब्द तिनं अगदी मोजून वापरला होता. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं.

मी म्हणाले, "जरासं वाढवून सांगते."

खोटंसुद्धा मी पुरतं बोलले नाही. उद्या अंगाशी आलं तर म्हणता यावं — मी जरासंच म्हणाले होते.

आत्याबाईंचा चेहरा सैल पडला. दुसऱ्या दिवशी गोदाला परत सासरी पोचवायला गाडी जुंपली. जाताना गोदानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. तिला कोणी सांगितलं होतं? की भिंतीआडून तिनंच ऐकलं? अजून कळलेलं नाही.

संक्रांतीला आली तेव्हा तिचा डावा हात मनगटाशी वाकडा जुळला होता. आत्याबाईंनी विचारलं, तर पदराखाली घेत म्हणाली, "काही न्हाई. थोडं लागलं."

आत्याबाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणाले, "हो, थोडंच आहे."