मावसभावाची इंटरनेटवरची अब्रू

इंटरनेटवरही माणसाला अब्रू असते, हा शोध जगात सर्वांत आधी माझ्या मावसभावाला लागला, आणि तोही सांगलीत. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गडी मूळचा उंब्रजचा. डिप्लोमा करून नोकरी शोधायला आमच्या घरी येऊन राहिला होता. सायबर कॅफेत त्यानं फुकटात स्वतःचं एक पान उघडलं आणि तेव्हापासून त्याची चालच बदलली. कॅफेत जाताना अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. "आपुन तिथं चोवीस तास दिसतोय गड्या," म्हणायचा. पानावरच्या फोटोसाठी स्टुडिओतला टाय गळ्यात अडकवला. गणपतीत नाचतानाचा फोटो मोठ्या हौसेनं चढवला होता, तो "सायेब लोक बगत्याल" म्हणून घाईघाईनं उतरवला.

पानाच्या तळाशी गेस्टबुक होतं. येणाऱ्यानं तिथं दोन शब्द लिहायचे. आता आमच्याकडे साध्या वाढदिवसाच्या फलकावरही शुभेच्छुकांची रांग लागते, मग इथं जागा मोकळी कशी सोडायची? यानं गावाकडचे पाहुणे एसटीनं बोलावून घेतले आणि मिसळ खाऊ घालून एकेकाला कॅफेत बसवलं. 'लय गुणी पोरगं' हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून करून माझी बोटं दुखली. सगळ्यांत शेवटी त्याचे वडील आले. तात्या फौजेतले निवृत्त सुभेदार, शब्दाला पक्के. खुर्चीत ताठ बसून त्यांनी मला हुकूम सोडला, "लिव्ह. पोरगं इमानी हाय. कामाला वाघ हाय. पर सकाळी उठवाय लागतंय. आदीच सांगून ठेवतो, मागनं तक्रार नको." मावसभावाचा चेहरा पांढराफटक पडला. पुण्याच्या एका कारखान्यानं त्याला मुलाखतीला बोलावलं होतं आणि अर्जात यानंच पानाचा पत्ता मिरवला होता.

तात्यांना एसटीत बसवून आम्ही परत कॅफेत आलो. "पुसून टाक, एका बटणाचं तर काम," मी म्हणालो. त्यानं माऊसवर हात ठेवला आणि परत काढून घेतला. "तात्यांनी लिवलेलं म्या कसं पुसू रं?" म्हणाला आणि उठला.

मुलाखतीत साहेबांनी हसत विचारलं, "सकाळच्या पाळीला कोण उठवणार तुम्हाला?" हा बोलून गेला, "तात्या फोन करत्याल की!" नोकरी लागली. मग काय, तात्या रोज अंधारात उंब्रजच्या एसटीडीवाल्याला झोपेतून उठवायचे आणि तिथून पुण्याला, मुलाच्या घरमालकाकडे फोन लावायचे. घरमालक वैतागायचा, एसटीडीवाला वैतागायचा, पण आमच्या पठ्ठ्याची पाळी कधी चुकली नाही.

पुढे इंटरनेटवरची ती फुकट पानाची सोय बंद झाली. टाय, शुभेच्छुक, सगळं पान पुसलं गेलं, आणि त्यातलं तात्यांचं बोलणंही. तात्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा मी पुण्यात त्याच्याकडे मुक्कामाला होतो. पहाटे पाहिलं तर हा जागा, अंथरुणात फोनकडे बघत पडलेला. "आता आपसूक जाग येती रं," म्हणाला. "पर फोन वाजूस्तवर उठू वाटत न्हाई."