मन्मथअप्पांची धाविकाची नोंद

मन्मथअप्पांना मी सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं.

चार दिवसांपूर्वी अप्पा गेले. बाजारातून आले, गाडी लावली, पाणी मागितलं. तांब्या येईपर्यंत संपलं होतं सगळं.

मला अजून रडू आलेलं नाही. काल कॉलेजात दोन तास घेतले. एकच आकृती मी फळ्यावर दोनदा काढली म्हणे. पोरांनीच सांगितलं.

ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अप्पा अहमदपूरचे. बैलांचा साज विकायचे. दावी, कासरे, वेसणी, घुंगरमाळा. दुकान कसलं, मोटरसायकलला बांधलेलं गाठोडं. आज लोहा, उद्या कंधार, असे आठवडी बाजार करत फिरायचे. गळ्यात सेकंडहँड कॅमेरा.

आम्ही पक्षी बघणारे मिळून पक्षीनोंदींचा एक अंक काढतो. त्यात सगळ्यात जास्त नोंदी त्यांच्या असायच्या. त्या तपासते मी, नांदेडात बसून.

फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही. "शरणार्थ मॅडम!"

तारखेच्या रकान्यात तारीख कधी लिहिली नाही या माणसानं. "लोह्याचा बाजार, सकाळी" असं लिहायचे.

मी ओरडायची. "अप्पा, तारीख लिहा हो!"

"आवो मॅडम, लोह्याचा बाजार काय रोज भरतो का?"

मग मीच कॅलेंडर काढून बसायची. दुसरं काय करणार.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची एक नोंद आली.

"धाविक. जोडी. अंडी दोन. ठिकाण: माळ. बाजारादिवशी, सकाळी."

धाविक म्हणजे दगडगोट्यांच्या माळावर तुरुतुरु पळणारा पक्षी. कधीमधी दिसतो आपल्याकडं. पण त्यानं इथं अंडी घातल्याची नोंद आमच्या अंकात एकही नव्हती. अशी पहिली नोंद आम्ही चौकटीत छापतो, नावासकट. अप्पांनी घरी सांगूनसुद्धा ठेवलं होतं, यंदा माझं नाव चौकटीत येणार म्हणून.

मी फोन केला. "कुठला माळ?"

"माळ हाय, मॅडम."

"कुठल्या बाजारादिवशी?"

"बाजार व्हता एक."

"बरं, फोटो पाठवा."

"फोटो न्हाई, मॅडम."

"मग कॅमेरा काय शोभेला घातलाय का गळ्यात?"

"फोटो न्हाई."

एवढंच. एरवी बोलायला लागले की थांबायचं नाव नाही, आणि त्या दिवशी तीन शब्दांच्या पुढं गेले नाहीत. मला वाटलं, टिटवीची अंडी बघून आलेत आणि आता सारवासारव करून राहिलेत.

नंतर आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, अप्पांच्या धाविकाचं काय झालं?

मी फटकळ. मी लिहिलं, "पुराव्याशिवाय नोंद म्हणजे पारावरच्या गप्पा. टिटवी असेल."

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची ही मोठी रांग.

अप्पांनी लिहिलं, "बरं."

नोंदी काही थांबवल्या नाहीत त्यांनी. पण तेव्हापासून प्रत्येक नोंदीला फोटो जोडलेला असायचा. कावळ्याला. साळुंकीला. चिमणीलासुद्धा.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, शिस्त लागली.

मातीच्या दिवशी अहमदपूरला गेले. लिंगायतांत बसवूनच ठेवतात. कपाळभर विभूती, घातलेली मांडी. बाजारात दाव्यांच्या ढिगामागं बसायचे अगदी तसेच बसले होते. मी नुसती बघत उभी राहिले. काहीच वाटत नव्हतं.

आज परत गेले. महानंदाकाकूंनी, अप्पांच्या बायकोनं, कॅमेरा माझ्या हातात दिला.

"तुमच्या पुस्तकाला ह्यातलं काय लागत असंल तर बघा, मॅडम."

तिथंच ओट्यावर बसून एकेक फोटो मागं मागं जात राहिले. चिमण्या. साळुंक्या. कावळे.

आणि धाविक.

बसलेला. विटकरी छाती, डोळ्यावरची पांढरी पट्टी, पोटाखालून दिसणारं एक अंडं. टिटवीबिटवी काही नाही. लांबून काढलेला एकच फोटो. दुसऱ्यांदा बटणसुद्धा दाबलेलं नाही.

"काकू, हा मला का नाही पाठवला?"

"मी म्हणलं की त्यायला, पाठवून टाका, कशाला लोकायचं हसू करून घेता. तर म्हणले, मॅडमनंच सांगितलंय, घरट्याचा फोटो कुणालाच दाखवायचा न्हाई. मलाबी न्हाई, म्हणल्या."

सांगितलं होतं मी.

दोन वर्षांपूर्वी, एका शाळेच्या हॉलमध्ये, नोंदी पाठवणाऱ्यांच्या बैठकीत. घरट्याचा फोटो फिरला की पाठोपाठ गाड्या येतात, लोक माळ तुडवतात, पक्षी अंडी टाकून जातो. हे सांगता सांगता मी टेबलावर हात आपटला होता. "कुणालाही पाठवायचा नाही. मलासुद्धा नाही!"

टाळ्या पडल्या होत्या. मी बोलायच्या भरात बोलले आणि विसरून गेले. अप्पा पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते.

अप्पा, एकदा तरी बोलायचं होतं हो. "मॅडम, तुमीच म्हणला व्हता," एवढंच. मी कान धरून माफी मागितली असती सगळ्यांसमोर.

बहुतेक मागितली असती.

येत्या अंकात तुमची नोंद चौकटीत येतेय. तुमच्या नावानं. ठिकाण: माळ. तारीख: बाजारादिवशी, सकाळी. फोटोवर तारीख आहे, त्यामुळं कुठला बाजार ते आता मला कळलंय. मी ते कुणाला सांगणार नाही.

टिटवी म्हणाले होते, ते शब्दही परत घेते. सगळ्यांदेखत.

मघाशी ग्रुपवर हे कळवलं. पाच मिनिटांत तिघांचे मेसेज. "मॅडम, फोटो टाका ना. पुरावा तर पाहिजे."

मी लिहिलं, "फोटो न्हाई."

अप्पा लिंगैक्य झाले. त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं राहून गेलं.

शरणार्थ, अप्पा.