नंबराप्रमाणे दळण

लीला माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल बोलायचं तर आधी माझंच थोबाड फोडून घ्यावं लागतं, म्हणून इतकी वर्षं गप्प होते.

तिचा नवरा मानसिंग एकाहत्तरच्या लढाईत गेला. सरकारकडून जे पैसे आले, त्यातून तिनं गावात पिठाची गिरणी टाकली. दुसरा आधार तिला नव्हताच. आमचे मालक भाऊसो, म्हणजे तिचे थोरले दीर, म्हणाले, "बाईमाणसानं गिरणी? पट्ट्यात पदर अडकंल!" तिनं पदर खोचला आणि चालवली.

गावात एक रीत पडली होती. महारवाड्याचं दळण फक्त बुधवारी, सगळ्यांचं झाल्यावर. का, तर दगडात आधीच्याचं मूठभर पीठ राहतं, ते आपल्या डब्यात येतं म्हणे. बाजरीवर गहू कुणी दळत नाही, हे खरं. पण महारवाड्यातल्या बयाबाईच्या शाळूवर आपला शाळू का नको? मला हे कुणी शिकवलं? मी सहा वर्षांची असताना माहेरी महारवाड्यातल्या एका बाईनं दळणाचा डबा माझ्या डोक्यावर चढवून दिला होता. मला उचलेना म्हणून. घरी आईला कळलं, तिनं ते सगळं पीठ म्हशीपुढं ओतलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. मी मात्र जन्माची शिकले.

एका शनिवारी बयाबाई पाटी घेऊन गिरणीत आली. "मजुरीचं जोंधळं आज मिळालं. बुधवारपतूर पोरांनी काय खावं, लीलाबाई?" लीलानं तिथंच तिचं दळलं आणि दारावर खडूनं लिहिलं, नंबराप्रमाणे दळण.

झालं! गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पहिला डबा कुणी परत नेला म्हणता? मी. दोन कोस इस्लामपूरला गेले. तिथला गिरणीवाला एकामागून एक डबे ओतत होता. माझ्याआधी कुणाचं दळलं, देव जाणे! मीही विचारलं नाही. काय अक्कल माझी!

महिन्याभरात गिरणीत महारवाड्याच्या पाट्यांशिवाय काही येईना. विजेचं बिल थकलं. मी म्हटलं, "अगं, हट्ट सोड. गिरणी गेली तर खाशील काय?"

"आक्का, हे पलटणीत एका लंगरात सगळ्यांच्या संगं जेवलं. त्यांच्या जिवावर आलेल्या पैशाची गिरणी हाय ही. इथं दाणं निवडायचं, माणसं न्हाई. बंद पडली तर पडू दे."

मग आमच्या थोरलीचं लग्न ठरलं. इस्लामपूरची गिरणी नेमकी नादुरुस्त, लग्न परवावर आलेलं. मालकांनी चार पोती गहू गाडीत घातला आणि मला घेऊन लीलाच्या दारात उभे राहिले. आत बयाबाई पाटी घेऊन उभी होती. तिचाही गहूच होता, सणाचा पायलीभर.

"लीला, आदी आमचं दळ," मालक म्हणाले. "बुधवारची रीत परत लाव, सारा गाव उद्यापास्नं तुज्याकडं आणतो. माजा शबुद हाय. बया, घे पाटी मागं."

लीला बयाबाईकडं बघत राहिली. एका होकारावर तिची गिरणी वाचत होती.

"न्हाई आवं," बयाबाई म्हणाली. तिनं पाटी आणखी पुढं सरकवली. "माजा नंबर हाय."

"ऐकलंसा न्हवं, दादा?" लीला म्हणाली आणि तिनं पट्टा चालू केला. बयाबाईचा गहू खडखडत दगडात गेला.

मालकांचा चेहरा लाल झाला. "अंजना, चल! पाटणला न्हेऊ, साताऱ्याला न्हेऊ. हितं दाणा पडायचा न्हाई!"

त्या क्षणाला मला ती म्हैस आठवली, पिठात तोंड घालणारी. आणि ती बाई, जिनं नुसता हात लावला होता. अशी लाज वाटली, अशी चीड आली! मी पोत्याचं तोंड सोडलं.

"तुमी जावा साताऱ्याला," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत मालकांना असं उलट कधी बोलले नव्हते. "पोरीच्या लग्नाचं पीठ हितंच पडंल. बयाबाईच्या मागनं."

"दगूड पुसून घिऊ का, आक्का?" लीलानं मुद्दाम विचारलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"पुसशील तर बघ!" मी म्हटलं आणि गहू ओतला.