मास्तरांचा अरामी शब्द

समोर येईल त्याला अडवून “राहणं म्हणजे नेमकं काय हो?” असं विचारायचा मास्तरांना नादच होता. पोस्टमन सुटला नाही, की दाराशी करवंदं विकायला आलेली ठाकरीण सुटली नाही. ती म्हणाली, “पाऊस लागत नाय तिथं रायचं, आनि काय!” मास्तरांनी तेही वहीत टिपून घेतलं.

मास्तर ख्रिस्ती, एकटे, शाळेतून निवृत्त झालेले. नव्वद सालाच्या सुमारास किन्हवलीला आमच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ते भाड्याने आले आणि पवित्र शास्त्रातल्या अवघड शब्दांचा कोश लिहायला बसले. त्यातला एक अरामी शब्द काही केल्या सुटेना. ‘मेदोर’, म्हणजे राहण्याची जागा. शास्त्रातल्या एका गर्विष्ठ राजाला शिक्षा होते, की तुझा मेदोर आता रानातल्या जनावरांत.

“‘निवास’ लिहिलं तर सरकारी बंगला वाटतो, वहिनी,” ते माझ्या आईला म्हणायचे. “आणि ‘घर’ लिहावं, तर घर म्हणजे काय ते माझ्यासारख्या सड्या माणसाला ठाऊक पाहिजे ना!”

एका हिवाळ्यात वडील आणि मी म्हशाच्या जत्रेत बैल विकायला निघालो. तिथे माणसं दिवसचे दिवस जनावरांत राहतात हे कळल्यावर मास्तर वहीसकट टेम्पोत चढले. तिसऱ्या दिवशी मुरबाडकडचं एक गिऱ्हाईक बैलाचे दात बघून खूश झालं. सौदा ठरतच आला होता. त्याने सहज विचारलं, “खोडबीड नाय ना?”

वडील तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, “एकच. पहाटे भिंतीवर लाथा घालतो. पण भिंत अजून पडलेली नाही.”

“हा कोन मानूस तुमचा?” गिऱ्हाईकाने विचारलं.

“आमच्या घरातलाच हाय!” वडील कडाडले. “म्हनून तं असा घात केला!”

गिऱ्हाईक गेलं. वडील तासभर मास्तरांना झापत होते आणि मास्तर मात्र लग्न ठरल्यासारखे हसत होते.

पुढे ते थकले, तेव्हा पुतण्या त्यांना नाशिकला घेऊन गेला. तिकडेच ते वारले. त्यांची कोशाची वही पुतण्याने आमच्याकडे धाडली. मी वडिलांना ‘मेदोर’चं पान वाचून दाखवलं. निवास, वस्ती, घर, सगळ्यांवर काट मारलेली. खाली लिहिलं होतं, “उदाहरणार्थ, बाळारामभाऊंचा गोठा व त्याला लागून असलेली खोली.”

वडिलांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग तोंड फिरवून म्हणाले, “आनि आपन त्यांना नाशिकला जाऊ दिलं कसं रे?”