पुरेबाईंना एक मूल हवं होतं

माझ्या मावशीला सगळे पुरेबाई म्हणत. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहायची आणि पोरांना न्यायला आलेल्या बायकांना एकेक करून गाठायची. "दोन झाली ना? आता पुरे!" कुणी तोंड चुकवलं तर घरापर्यंत पिच्छा पुरवायची. बायका पाठीमागे तिची नक्कल करत, पण ऐकतही. वरून ऑपरेशनचं टार्गेट यायचं आणि मावशी ते गाठायचीच. साहेबांनी तिला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. मेलं ते कधी धड चाललं नाही.

ती निवृत्त झाली आणि नव्या सुधारणा आल्या. ज्या सरकारी शाळेत मुलं कमी, ती बंद! आधी मुलं कमी करा म्हणून लोकांचं डोकं खाल्लं, मग मुलं कमी म्हणून कुलूप. या लोकांना काय म्हणावं? आमच्या शाळेला फक्त एक मूल कमी पडत होतं. दुसरी शाळा हमरस्त्यापलीकडे, आणि मावशीची नात पाय ओढत चालते. सून म्हणाली, "हिला आता घरीच बसवायची, दुसरं काय?"

मावशीने पायात चपला सरकवल्या आणि मला सोबत घेतलं. पुन्हा तीच दारं. कुणाची मुलं खासगी शाळेच्या गाडीने जात होती, कुणाच्या घरात लहान मूलच नव्हतं. शेवटी आम्ही शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे गेलो.

मावशीने विचारलं तशी काकूंनी मशीन थांबवलं.

"माझे दोघं कधीच बाहेरगावी गेले. तिसरं हवं होतं मला. तुम्ही म्हणालात, टार्गेटला एकच बाई कमी पडतेय, चला. हाताला धरून नेलंत. ते झालं असतं, तर आज त्याचं पोर शाळेत जायच्या वयाचं असतं." त्यांनी सुईत दोरा ओवला. "आता तुम्हाला एक कमी पडतंय होय?"

काकूंनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला काकूंचा राग आला, मग साहेबांचा, आणि खरं सांगायचं तर मावशीचाही.

घरी नात दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती.

"आजी, मिळालं का एक मूल?"

"मिळालं असतं," मावशी म्हणाली आणि चपला काढू लागली.